निहोनबाशीला दिलेला नारळ

माझे सासरे जपानला आले ते निपाणीहून एक नारळ घेऊन.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी बेळगावात एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मालकांनी एक जपानी मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते चालवायला शिकून ये म्हणून मला सहा महिन्यांसाठी तोकियोला पाठवलं. (माझ्यापेक्षा हुशार दोघं होते. पण ते शाकाहारी होते.) पाटील हे आडनाव तिथल्या लोकांच्या तोंडात काही बसेना. ते मला 'पातीरु-सान' म्हणायचे, आणि कारखान्यानं दिलेल्या निळ्या जाकिटावर छातीशी त्यांच्या लिपीत तसंच शिवलेलंही होतं.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. निपाणीत त्यांचा तंबाखूचा व्यापार. मी तोकियोत असतानाच कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्यांची एक सहल पूर्वेकडचे देश बघायला निघाली आणि आप्पा तिच्यात सामील झाले. निघताना सासूबाईंनी हातात नारळ ठेवला. जावई परमुलखात राहतोय, तिथल्या पाण्याला आधी काहीतरी द्यायला पाहिजे, नाहीतर पाणी आपल्या हातानं घेतं, असं त्यांचं म्हणणं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तो नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी वाजल्यावर दचकून खाली ठेवला आणि आप्पांना जाऊ दिलं.

आप्पांना राजवाडा बघायचा नव्हता, देवळं बघायची नव्हती. राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर अडलेल्या तंबाखूच्या ट्रकांसोबत त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मी पत्रात कधीतरी लिहिलं होतं की इथं निहोनबाशी नावाचा एक जुना पूल आहे आणि देशातल्या रस्त्यांची अंतरं त्या पुलापासून मोजतात. तेवढं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. रस्ते थांबतात ती जागा रोज बघतो, सुरू होतात ती एकदा दाखवा, म्हणाले. शिवाय पुलाखाली नदी होती. नारळाचंही काम होणार होतं.

नोव्हेंबर होता. चार वाजून गेले की तिथं अंधारायला लागतं. बारीक पाऊस लागलेला. भोवती काचेच्या इमारती, दुकानांचे दिवे, कामावरून सुटलेली हजारो माणसं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये तो दगडी पूल. पण त्या पुलाच्या डोक्यावर आणखी एक पूल होता. मोटारींसाठी बांधलेला एक भलामोठा रस्ता नदीच्या वरून, थेट या म्हाताऱ्या पुलाच्या टाळूवरून नेलेला. त्यामुळं खाली आभाळ असं नव्हतंच. वरून गाड्या गेल्या की सांध्यांवर चाकं आदळून धप धप असा आवाज यायचा, कुणीतरी वरच्या मजल्यावर फेऱ्या घालत असल्यासारखा. खाली पाणी काळं, ना वाहणारं ना थांबलेलं. कठड्याच्या मधोमध दिव्याच्या खांबाला पाठ लावून काशाची दोन जनावरं बसली होती. अंगावर खवले, पायाला नख्या आणि पाठीवर पंख. चेहरे मात्र ओळखीचे वाटावेत असे.

आप्पा त्यांच्यासमोर अंग चोरून उभे राहिले. मी म्हटलं, थंडी वाजत असेल. मग ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यो पूल जिता हाय."

मग त्यांनी लहानपणची हकिकत सांगितली. गावाकडं नदीवर पूल होत होता आणि खांब काही टिकेना. पूल माणूस मागतोय अशी आवई उठली. तिन्हीसांजेला आया पोरांना घरात कोंडून घ्यायच्या. आप्पांची आई तर त्यांचा पाय जात्याच्या खुंट्याला बांधून ठेवायची. शेवटी कुणीतरी नारळ दिला आणि खांब उभा राहिला.

"नारळच का?" मी विचारलं.

"शेंडी हाय, डोळं हाईत, तोंड हाय. माणसाच्या जागी माणसागत," आप्पा म्हणाले. वरून एक जड ट्रक गेला आणि पायाखालचा दगड थरथरला. शिकलेला माणूस मी, पण अंगावर काटा आला.

नारळ मीच द्यायचा होता, कारण राहणारा मी होतो. आप्पांनी पायातलं काढायला सांगितलं. मी बूट काढले आणि तिथल्या रीतीप्रमाणं जोडीनं, टाचा जुळवून कठड्याशी ठेवले. वाकताना जाकीट आड यायला लागलं, ते काढून घडी घालून बुटांवर ठेवलं. चष्मा पाण्यात पडेल म्हणून काढला आणि एका बुटात घातला. माझा नीटनेटकेपणा मला आयुष्यात कधीच उपयोगी पडलेला नाही, पण त्या दिवशी त्यानं हद्द केली. मोजे घातलेल्या पायांनी मी चवड्यांवर उभा राहिलो, डोळे मिटले, नमस्कार केला आणि नारळ सोडला.

वरच्या छतामुळं आवाज दसपट झाला. म्हैस पाण्यात पडावी तसा. मागं कुठंतरी एक बाई ओरडली. मी चष्म्याविना खाली बघितलं. अंधारात शेंडी वर करून काहीतरी काळं, गोल हेलकावे खात कमानीखाली शिरत होतं. नारळ मीच टाकला होता, तरी मला ते मुंडकं वाटलं.

आप्पांनी मला हाताला धरून ओढलं. नारळ पुलाखालून पार होऊन पलीकडं दिसला पाहिजे, तरच देणं पोचलं, असं त्यांचं शास्त्र. जिथून देशाचे रस्ते सुरू होतात त्या रस्त्यावरून, वाहनांमधून, धोतराचा सोगा हातात धरलेले आप्पा पुढं आणि मोज्यांवर मी मागं, असे आम्ही पलीकडच्या कठड्याशी पोचलो. वाट बघितली. नारळ आला नाही. पाणी तसंच काळं. आणखी थांबलो. काही नाही.

"ठेवून घेतला," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मला आवडला नाही.

परतलो तर आम्ही जिथं उभे होतो तिथं गर्दी जमलेली. चष्मा नसल्यानं मला फक्त काळे कोट आणि काळ्या छत्र्यांची एक ओळ दिसत होती. विलक्षण शांत. आपल्याकडं एवढी माणसं जमली की निदान शेंगावाला तरी येतो. इथं कुणी कुणाशी बोलेना. सगळे खाली पाण्यात बघत होते. खाली एक होडी आली होती आणि तिच्यातला माणूस दिवा फिरवत लांब काठीनं पाणी ढवळत होता. एक म्हातारी बाई डोळे मिटून, हात जोडून उभी होती.

मी शेजारच्या माणसाला माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, कोण पडलं? तो माझ्याकडं न बघता कुजबुजला, कुणीतरी परदेशी.

कुठल्या मुलखातला असेल बिचारा? घरी कोण वाट बघत असेल? सहा-सात हजार किलोमीटरवर येऊन या काळ्या पाण्यात संपायचं. मी आप्पांना सांगितलं तशी त्यांनी टोपी काढली. मी म्हातारीशेजारी उभा राहून हात जोडले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. बायको आठवली, बेळगाव आठवलं. कधी नव्हे इतका मी त्या परक्या माणसासाठी हळहळलो.

मग गर्दीतून पुढं आलेल्या एका पोलिसानं खाली ठेवलेला एक कपडा दोन्ही हातांनी उचलला, दिव्याखाली धरला आणि त्यावरची अक्षरं सावकाश मोठ्यानं वाचली. "पा-ती-रु."

वरून चाकं धप धप करत गेली. त्या गर्दीतल्या कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. पाय थंड पडले होते, डोळ्यांना धड दिसत नव्हतं आणि माझं नाव पाण्याच्या दिशेनं उच्चारलं गेलं होतं. आज सांगताना हसू येतं, पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं की मेलेला मीच आहे आणि इथं उभं राहिलंय ते उरलेलं काहीतरी. पुलानं नारळ घेतला नव्हता. माणूसच घेतला होता.

आप्पांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं आणि विचारलं, "पाव्हणं, हाईसा न्हवं?"

त्यांच्या हाताची ऊब लागली तेव्हा मी भानावर आलो. पुढं झालो आणि पोलिसाला म्हटलं, "वाताशी देसु." म्हणजे, मी आहे.

गर्दी एक पाऊल मागं सरकली. म्हातारीनं डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडं न बघता सरळ पायांकडं बघितलं. (तिकडच्या भुताला पाय नसतात, हे मला नंतर कळलं. आणि माझे मोजे काळे होते.) मी एक पाय उचलून अंगठा हलवून दाखवला. तिनं श्वास सोडला, माझी बाही धरली आणि पोलीसचौकीच्या दारापर्यंत सोडली नाही. तेवढ्यात होडीतल्या माणसानं शेंडीला धरून नारळ वर काढला. कुणीही हसलं नाही. मला वाटतं, कुणी हसलं असतं तर पुढचं टळलं असतं.

चौकीत आमच्या कारखान्यातले तनाका-सान धावत आले. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्या देशात जीव द्यायला निघालेला माणूस आधी बूट काढून नीट जोडीनं ठेवतो. मी घाईघाईनं खुलासा केला. नारळ म्हणजे डोकं, पुलाला माणसाऐवजी तो द्यायचा, हे सगळं मला सांगायचं होतं. पण 'ऐवजी'ला जपानीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. ते गाळून मी जे बोललो त्याचा अर्थ असा झाला की मला माझं डोकं पुलाला द्यायचं होतं. तनाका-साननी डोळे पुसले. शेवटी पोलिसानं नारळ कापडानं कोरडा करून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी आप्पांना परत केला. आप्पा पांढरेफटक पडले. पाण्याला दिलेलं परत घ्यायचं कसं, म्हणून त्यांनी तो तिथंच, दारात थांबलेल्या म्हातारीच्या हातात दिला. तिनं तो कपाळाला लावला. पुढं त्याचं काय झालं कुणास ठाऊक. मिळालेलं कपाळाला लावायचं हे तिचंही बरोबर आणि दिलेलं परत घ्यायचं नाही हे आप्पांचंही.

आप्पा सहलीबरोबर पुढं गेले. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो तर सगळं बदललेलं. कुणी माझ्याशी मोठ्यानं बोलेना. चहा जागेवर येऊ लागला. मशीनला पाती होती म्हणून त्याच्याजवळ मला जाऊ देईनात. माझी जागा खिडकीपासून हलवली आणि जेवायला, अगदी संडासाला जातानाही सोबतीला कुणीतरी असे. महिनाभरानं मला खूप कौतुक करून, वेळेआधीच घरी पाठवलं.

तनाका-साननी आमच्या मालकांना फोन करून सांगितलं होतं की माणूस फार चांगला आहे, त्याच्यावर कामाचा ताण येऊ देऊ नका. मालकांनी ते अक्षरशः पाळलं. पुढं ते मशीन बेळगावात आलं, माझ्यापेक्षा हुशार असलेल्या त्या दोघांनी ते मॅन्युअल वाचून चालवलं आणि मला कॅन्टीनची जबाबदारी मिळाली. निवृत्त होईपर्यंत मी तीच सांभाळली. कारखान्यात नवीन आलेल्यांना मालक माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे पाटील. जपानमध्ये शिकून आलेत. यांची उसळ खाऊन बघा."