छपरावरचं गलबत

शाळामास्तराच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मी कोकणात काढली आणि लग्नही तिथंच केलं. पुढं नव्वदच्या दशकात सासूबाई गेल्या. सासरे एकटे पडले, म्हणून आम्ही त्यांना अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी घेऊन आलो.

ते आले, पण जेवेनात. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. आम्हाला मूल नव्हतं, आणि आता होण्याची आशाही उरली नव्हती. पिशवीतून आणलेले पोहे ते भिजवून खात. बायको चुलीपाशी तोंड फिरवून बसे. पोहे संपत आले तसे ते परत जायचं म्हणू लागले. तिथं त्यांचं कोणी राहिलं नव्हतं.

एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "जावईबापू, ही कौलं कुठली?"

"मंगळुरी," मी म्हणालो. "जुनी आहेत. वडिलांच्या वेळची."

ते उठून बसले. त्यांच्या आजोबांचं एक गलबत होतं. खाडीकाठच्या आंब्याखाली सुतारांनी बांधलेलं, सगळं सागवानी. दिवाळीनंतर ते दक्षिणेला जाई आणि मंगळूरहून पेंढ्यात रचलेली कौलं घेऊन येई. पावसाळ्यात त्याला वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकत, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा शीड चढे. लहानपणी गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या शेजारी बसून ते स्वतः त्यातून गेले होते.

"त्यातलीच कौलं घाट चढून आली असणार," ते म्हणाले. "म्हणजे छप्पर आमच्याच घरचं की."

त्या रात्री ते आमच्याबरोबर जेवले.

खरं म्हणजे ती कौलं वडिलांनी नाशिककडच्या एका कारखान्यातून ट्रकनं आणली होती. तसल्या कौलांना आमच्याकडे सरसकट मंगळुरीच म्हणतात. हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी गप्प राहिलो. पहिला घास घेण्याआधी ते वर बघत, आणि मी मान खाली घालून भात कालवत राही. रिवाज खरा की खोटा, हा प्रश्न नव्हता. तो त्यांनी जन्मभर पाळला होता आणि माझ्यामुळं तो रोज मोडत होता. बायकोला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमच्या खरेपणापायी माझा बाप उपाशी राहील. तुम्ही आपलं जेवा."

वर्ष मात्र सुखात गेलं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते गलबताच्या गोष्टी सांगत, बायको तांदूळ निवडत ऐके.

पावसाळ्याच्या तोंडावर कौलं चाळायला शेजारचे एक म्हातारे येणार होते. तो ट्रक वडिलांबरोबर त्यांनीच उतरवला होता, आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून आदल्या दिवशी ताटं मांडली असतानाच मी सगळं सांगून टाकलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सासऱ्यांनी वर कौलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वाटेत फुटली किती?"

"पुष्कळ. वडील कित्येक वर्षं कुरकुरत होते."

"फुटणारच. ट्रकवाल्याला पेंढा कुठला रचता येतोय."

आणि गलबताचा शेवट त्यांनी पहिल्यांदाच सांगितला. लॉऱ्या आल्या, माल मिळेना, ते खाडीच्या चिखलात बसलं. फळ्या ज्यानं त्यानं नेल्या. डोलकाठी त्यांच्या आत्यानं नेऊन आपल्या घराच्या आढ्याला घातली. आत्यालाही मूल नव्हतं. आजोबा म्हातारपणी तिच्याकडेच राहिले आणि त्या आढ्याखाली बसून जेवले.

"आजोबांना डोलकाठी तरी होती," ते म्हणाले. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "मला काहीच नाही. पण वर्षभर खाल्लं ते आता परत कसं करू? वाढ गं."

तिनं भात इतका वाढला, की त्यांना ताटावर आडवा हात धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे छपरावर चढले आणि वरूनच म्हणाले, "मास्तर, लई दनकट कौलं ही. तुमच्या बापासंगं म्याच ट्रकातनं उतरवल्याली."

"आणि निम्मी फोडलीत," सासरे अंगणातून म्हणाले. "पेंढा नव्हता ना?"