कुऱ्हाडीची पाठ

चांद्याच्या जंगलात मी लाकूडतोडीवर कारकून होतो, तेव्हा तिथं एक लाकूडतोड्या तोडायची झाडं पारखायचा. सागाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची पाठ ठोकायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "भरीव हाये!" रविवारी चर्चमध्येही पहिल्या चटईवर बसून कोणाला बरं करायचं, पाऊस कधी पाडायचा, हे तो देवाला ठणकावून सांगायचा.

त्यानं भरीव ठरवलेलं एक झाड आतून पोकळ निघालं. तोडताना मधूनच मोडलं आणि त्याच्या भावावर पडलं. पुढच्या रविवारी तो दाराशी, चपलांजवळ बसला. "देवा, तुले समजते," एवढीच प्रार्थना.

नंतरच्या झाडाला त्यानं बराच वेळ कान लावला.

"भरीव?" मी विचारलं.

"मले वाटते, बाबू. आतलं देवाले माहीत. तुमी दूर उभे राहा."

स्वतः मात्र तो बुंध्यापासून हलला नाही.