माझ्या पायाचा फर्मा

माझा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. बोटं एकमेकांवर चढलेली, घोटा भलतीकडेच. बाबा त्याला आलं म्हणायचे, चहातलं आलं, आणि तेही लाडाने नाही. "आण गं तुझं आलं इकडे," असं म्हणून मला स्टुलावर बसवायचे आणि पाय मांडीवर ओढून घ्यायचे. माझं डोकं फिरायचं, पण पाय द्यावाच लागायचा, कारण त्या पायात बाजारातला कुठलाच बूट जात नव्हता.

बाबा फर्मे कोरायचे. फर्मा म्हणजे बुटाच्या आतला लाकडी पाय. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. मोरिवलीला घराच्या मागेच आमचं वर्कशॉप आहे आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले बूटवाले तिथे फर्मे न्यायला यायचे. माझा फर्मा बाबांनी शिसवीच्या ठोकळ्यातून एकदाच कोरला, माझी वाढ थांबली तेव्हा. पण मेला पाय थांबतो कुठे? हाड सरकायचं, घट्टे चढायचे. दर दिवाळीच्या आधी बाबा अंगठ्याने सगळा पाय चाचपायचे आणि फर्म्यावर त्या त्या जागी चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून कानस मारायचे. तुकड्यावर तुकडा बसत गेला. बघणाऱ्याला वाटावं, लाकडाला खपली धरली आहे. पण त्याच फर्म्यावर शिवलेले बूट घालून मी बदलापूरच्या शाळेत दिवसभर फळ्यासमोर उभी राहत आले. दुसरं काही घातलं तर मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा उभं राहवत नाही.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. त्याचा हात लाकडावर कधी बसलाच नाही. तो फर्मा कोरून आणायचा, बाबा त्यावरून अंगठा फिरवायचे, आणि गिऱ्हाईक समोर असतानाच तो फर्मा बंबात टाकायचे. आमच्याकडे ढलप्या फुकटच्या, म्हणून गिझर आला तरी अंगणातला आंघोळीच्या पाण्याचा बंब काही गेला नाही. "चला, पाणी तरी तापेल," असं म्हणून बाबा हसायचे. गिऱ्हाईकही हसायचं. भाऊ मान खाली घालून दुसरा ठोकळा उचलायचा. "बाप आहात की कसाई?" असं मी एकदा बाबांना तोंडावर विचारलं. "तू तुझं आलं सांभाळ," असं उत्तर मिळालं.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पटाशी धरणारा हात उशीवर ठेवायला लागायचा. आणि तो हात उशीवर टेकला तसा भाऊ कॉपी लेथच्या मागे लागला. अंबरनाथच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्याला ती जुनी मिळाली. गंजलेली, अर्धी मोडलेली. गॅरेजवाल्याला हाताशी धरून त्याने ती उभी केली, हे मात्र खरं. एका बाजूला मूळ फर्मा लावायचा, दुसऱ्या बाजूला कोरा ठोकळा. दोन्ही सोबत फिरतात. मुळावरून एक चाक चालतं, ते जिथे वर जाईल तिथे कटर वर, जिथे खाली जाईल तिथे खाली. थोड्या वेळात ठोकळ्याचा तसाच फर्मा होतो. "आता हाताची मिजास संपली, ताई," असं तो मला म्हणाला. कोणाच्या हाताची, ते मला सांगायला नको होतं.

खंडेनवमीला मशीनची पूजा ठेवली. झेंडूचे हार, कुंकू, पेढे. कॅम्प दोनचे व्यापारी आले होते. बाबांना खुर्चीसकट बाहेर आणून बसवलं होतं. मी पेढ्यांचं ताट घेऊन आत आले, तर मशीनवर माझा फर्मा फिरत होता. बाबांच्या पेटीतून काढला होता, मला न विचारता. कुंकू लावलं होतं वर.

"सरळ फर्मा कोणीही करेल, साईं," भाऊ एका सिंधी व्यापाऱ्याला सांगत होता, "हे असलं वेडंवाकडं जमलं पाहिजे!"

"अरे, ये पैर है या अदरक?" व्यापारी म्हणाला.

"ताईचा पाय आहे," भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी आधी माझ्या बुटाकडे पाहिलं आणि मग हसले. ताट त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं मला. पण माझी नजर फर्म्यावर गेली. फर्मा गुळगुळीत होता.

"याच्यावरचं चामडं कुठंय रे?"

"ते होय? किती घाण चिकटली होती! मशीनचं चाक अडकत होतं. सगळी खरवडून काढली, पॉलिश पेपर मारला. आता बघ कसा चकाचक!"

मी काही बोलायच्या आत त्याने गरम गरम नक्कल उचलली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी डाव्या हाताचा अंगठा तिच्यावरून फिरवला. करंगळीच्या मुळाशी आला, थांबला, मागे गेला, परत आला. मग घोट्याखाली. तिथेही काही नाही. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि घशातून असा काही आवाज काढला की हसणारे गप्प झाले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघा, बाबा भरून पावले!" भाऊ म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. लोकांनी मोबाईलवर फोटो काढले.

पाहुणे गेल्यावर मी त्याला धरलं. म्हटलं, "गाढवा, ते चामडं म्हणजेच माझा पाय होता. खाली उरलंय ते माझं कॉलेजातलं पाऊल. त्यावर शिवलेला बूट मला चढणार तरी आहे का?" त्याला काहीच माहीत नव्हतं. बाबांनी त्याला कधी त्या पेटीला हात लावू दिला असता तर ना! मी म्हटलं, "मूळ फर्मा दे. कॅम्प दोनमध्ये एक म्हातारा कारागीर आहे, तो माझा जुना बूट उसवून, माप जुळवून चामडं परत बसवेल. मुळाशिवाय त्यालाही काही करता येणार नाही."

"देतो गं," तो म्हणाला. "पण आजचा दिवस तरी राहू दे ना. माझ्या हातचं काहीतरी पहिल्यांदा बाबांच्या मांडीवर गेलं. बंबात नाही गेलं. रडले ते, पाहिलंस ना तू?"

इथे दुसरी एखादी बहीण गप्प बसली असती. मी नाही बसले. "तुझं काम बघून नाही रडले ते," मी म्हटलं. "अंगठा फिरवला, तुझी चूक सापडली, आणि ती नीट करायला हात उरला नाही, म्हणून रडले. बोलता येत असतं तर आज मशीनसकट बंबात घातलं असतं तुला."

खोटं काय होतं त्यात? आजही म्हणेन, खरं तेच बोलले. तो वर्कशॉपात निघून गेला.

दसऱ्याच्या सकाळी मी उठले तर अंगणात बंब पेटलेला. भावाने स्वतः पेटवला होता, आयुष्यात पहिल्यांदा. आदल्या दिवशी मशीनवर पाडलेल्या नकला एकेक करून आत टाकत होता. बाबांची खुर्ची समोरच होती. ते बघत होते आणि तोंडाच्या अर्ध्या बाजूने हसत होते, पूर्वी गिऱ्हाइकासमोर हसायचे अगदी तसे.

"मूळ कुठंय?" मी विचारलं.

भाऊ बंबाकडेच बघत होता. "सगळे सारखेच तर दिसत होते," तो म्हणाला. "हुबेहूब."

मी चिमटा घालून राख उपसली. शिसव सावकाश जळते म्हणतात, पण तिचाही कोळसा झाला होता. बाबा अजून हसतच होते. मी त्यांची खुर्ची न्हाणीत ढकलत नेली, बादली भरली आणि त्यांना आंघोळ घातली. पाणी चांगलं कडकडीत तापलं होतं.