डोकं आत

काटेवाल्यांनी फोटोंची सगळी खोकी पलंगावर उपडी केली, तेव्हाच त्यांच्या बायकोने ओळखलं की आज जेवण वेळेवर होत नाही.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. उभा जन्म दुकानादुकानांतली पारडी सारखी करण्यात गेला, म्हणून हेच नाव चिकटलं. सुट्टीच्या दिवशी मात्र ते गळ्यात कॅमेरा अडकवून टेकडीच्या गाडीकडे जात. ही गाडी छोट्या रुळांवरची, वाफेच्या इंजिनाची. पूर्वी ती खाणीतला दगड वाहायची. खाण बंद पडली तेव्हा काही हौशी लोकांनी गाडी भंगारात जाऊ दिली नाही. आता ती रविवारी सहलीला आलेल्या लोकांना घेऊन धापा टाकत टेकडी चढे. इंजिनाला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. या म्हातारीपायी काटेवाल्यांनी किती रिळं संपवली आणि किती चपला झिजवल्या, ते त्यांच्या बायकोला विचारू नये.

म्हातारीचा ड्रायव्हर येत्या रविवारी शेवटची फेरी मारून घरी बसणार होता. त्याची मुलगी मुद्दाम काटेवाल्यांच्या दुकानात आली होती.

“काका, बाबांचा इंजिनावरचा एक फोटो द्या ना. ओळखपत्रावरच्या फोटोशिवाय आमच्याकडे काहीच नाही. भिंतीवर लावायचाय. पण त्यांना कळू द्यायचं नाही हं, तुम्हाला शपथ आहे.”

“एकच? पोतंभर देतो की!” काटेवाले म्हणाले होते.

आता पोतं उपसून झालं होतं. पुलावरची म्हातारी, वळणावरची म्हातारी, टाकीखाली पाणी पिणारी म्हातारी. ड्रायव्हरच्या खिडकीत मात्र नुसता काळोख. बायकोने भिंग लावून पाहिलं. एका फोटोत कोपर सापडलं.

“हे घ्या, कोपर. लावा म्हणावं भिंतीवर,” ती म्हणाली. “तुमच्या फोटोत माणूस म्हणजे पांढऱ्या शर्टावरचा डाग. मलासुद्धा आयुष्यभर ‘बाजूला हो, बाजूला हो’ केलंत.”

काटेवाले उरलेले फोटो पुन्हा चाळू लागले. त्यांना इंजिन निर्भेळ लागे. सुरुवातीची काही वर्षं ते रुळाकडेला उभे राहून हात हलवत ओरडायचे, “डोकं आत!” ड्रायव्हर स्वभावाने गरीब. झटकन मागे सरकायचा. पुढे ओरडावंही लागेना. कडेला काटेवाले दिसले की गडी आपणहून आत जाई. एवढ्या वर्षांत दोघांत कधी वाकडा शब्द गेला नाही, त्याचं हेही एक कारण असावं.

रविवारी ते निघाले. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, पण तो मंजूर करायला सवड कोणाला होती? बायको घडीचं स्टूल घेऊन बरोबर चालली. दर चार पावलांवर ते बसत, आणि उठताना आधीच्यापेक्षा जड होत. पूर्वी याच चढावर ते गाडीच्या पुढे धावत जाऊन दोनदा फोटो घेत. आज वळणापाशी पोचल्यावर त्यांना वाटलं, गाडी आलीच नाही तर बरं. निदान इथेच पडून राहता येईल.

गाडी आली. वळणावर ती हळू होते, आणि दुरूनच ड्रायव्हर पूर्ण दिसला. टोपी मागे सारलेली, कोपर खिडकीत, उन्हाने बारीक झालेले डोळे. काटेवाल्यांनी श्वास रोखला. अजून थोडं जवळ येऊ दे. अजून थोडं.

तेवढ्यात ड्रायव्हरने त्यांना पाहिलं. ओळखीचा हात केला, वळून कोळसा टाकणाऱ्याला काहीतरी सांगितलं. म्हातारीने काळा दाट धूर सोडला. आणि ऐन वेळी ड्रायव्हर नेहमीसारखा शहाण्यासारखा आत सरकला.

“बाहेर! अहो, डोकं बाहेर!” काटेवाले जिवाच्या आकांताने ओरडले.

वाफेच्या आवाजात त्याला फक्त ओरडणं ऐकू गेलं असावं. कोपर अजून दिसत होतं, ते त्याने तत्परतेने आत घेतलं.

बायको हसू दाबत होती. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने स्टूल उघडून दिलं.

ते टेकडीखाली इंजिनाच्या शेडमध्ये उतरले तोवर उन्हं कलली होती. म्हातारीतली आग काढून टाकली होती. तिच्या चाकाला टेकून ड्रायव्हर हत्यारांच्या पेटीवर बसला होता. एका पायातला बूट निघाला होता, दुसरा काढायचं त्राण नसावं. तोंड अर्धंच धुतलं होतं.

“काय काटेवाले, धूर कसा दिला? शेवटचा म्हणून फक्कड दिला! आणि मी नीट आत होतो ना?”

“अगदी नीट.” काटेवाले खाली बघत म्हणाले. मग त्यांनी मुलीची शपथ मोडली आणि सगळं सांगून टाकलं. “एकदा खिडकीत चढता का? एकच मिनिट.”

ड्रायव्हरने मान वळवून इंजिनाच्या लोखंडी पायऱ्यांकडे पाहिलं. “आता नाही हो चढवत. उतरताना पायांना सांगितलंय, झालं आपलं. त्यांना परत खोटं कसं पाडू?”

काटेवाल्यांना ते पटलं. त्यांचेही पाय ऐकत होते.

त्यांनी कॅमेरा उचलला. तसा ड्रायव्हर चाकाचा आधार घेत उठू लागला. “थांबा, मी मध्ये येतोय. सरकतो जरा.”

“बसा तिथेच.”

“अहो, म्हातारी झाकली जातेय.”

“जाऊ दे.”

ड्रायव्हर अवघडून पुन्हा टेकला. “मग मी बघू कुठे?”

“मला काय माहीत? मी कधी माणसं काढलीत?”

“इकडे बघा, माझ्याकडे,” काटेवाल्यांची बायको मागून म्हणाली. “यांना सवय नाही.”

ड्रायव्हर हसला. दमलेल्या माणसाला हसायला येतं तेवढंच. काटेवाल्यांनी कोपरं पोटाशी घट्ट धरली आणि बटण दाबलं. मग, हलला असेल म्हणून, पुन्हा दाबलं.

“आलं का डोकं?”

“आलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“बरं झालं,” ड्रायव्हर म्हणाला, आणि उरलेला बूट काढायला खाली वाकला.