गोटीरामचा उजेड आणि वरून आलेला फोन

पंचवटीच्या फुलबाजारात झेंडूवर पाणी मारून वजन वाढवणारे ढिगाने सापडतील. वरची फुलं कोरडी, तळाची चिंब. म्हणून आम्ही हार करणारे कुणाचंही क्रेट घेताना कोपरापर्यंत हात आत घालतो. फक्त मखमलाबादच्या गोटीरामच्या क्रेटमध्ये कुणी घालत नसे. तो "कोरडी हायेत" म्हणाला की कोरडीच.

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात पहाटे फुलं तोडताना आभाळात उजेड दिसला, आणि सगळं बिघडलं.

उजेड धरणाच्या बाजूने आला, त्याच्या वावरावर थांबला, आवाज नाही की काही नाही, आणि सरळ वर निघून गेला. ओझरची विमानं गोटीराम लहानपणापासून बघतोय, फवारणीचे ड्रोनही त्याने पाहिलेत. हे त्यातलं नव्हतं. पलीकडच्या सरीत त्याची बायको कलाबाई तोडत होती. "कला, बघितलं का?" तो ओरडला. ती म्हणाली, "मला काय नाय दिसलं. हात चालवा."

त्याने बाजारात सांगितलं आणि ते समाधानच्या कानावर गेलं. समाधान गंगापूर रोडवरच्या एका केबल चॅनलचा वार्ताहर. कॅमेरा घेऊन तो वावरात गेला. मुलाखतीत गोटीरामने "बायकोला नाय दिसलं" हेसुद्धा सांगून टाकलं, इतका भाबडा माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खा बाजार चहाच्या टपरीवर टीव्हीपुढे उभा. कुंभमेळ्यासाठी खणलेले रस्ते झाले, कांद्याचे भाव झाले, हवामान झालं. गोटीराम काही दिसला नाही.

त्याने तिथूनच समाधानला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"काका, वरून फोन आला. बातमी थांबवलीय. जास्त विचारू नका."

"वरून म्हंजी सरकार?"

फोन बंद झाला. लोक हसले. माझं मात्र टाळकं सरकलं. उजेडावर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या फोनवर लगेच बसला. नदीला फेस आल्याची बातमी सकाळी दिसते आणि दुपारी गायब होते, आम्ही काय आंधळे आहोत?

"काय लपवायचं नाय तर फोन कशाला केला?" गोटीराम म्हणे. हळूहळू त्याला जिथे तिथे सरकार दिसू लागलं. पिकांची पाहणी करायला आलेल्या माणसाने वावराचा फोटो काढला, तर याने त्याला बांधावरच अडवून धरलं. माझ्याशी बोलायचं असलं की आधी स्वतःचा मोबाइल झेंडूच्या क्रेटमध्ये पुरून यायचा. मीही त्याच्याशी कुजबुजायला लागलो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय!

मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाने गोटीरामच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला. "आभाळातनं पाणी पडलंय का बघतो," म्हणाला. गोटीराम त्या हाताकडे बघत राहिला. त्यानंतर तो बाजारात आलाच नाही. क्रेट घेऊन कलाबाई येऊ लागली.

लग्नसराईत समाधान हार न्यायला दुकानात आला, तेव्हा मी त्याची कॉलरच धरली. "फोन कुणाचा होता ते सांग, मग हार ने."

"सोडा हो! कसलं सरकार? कलाबाई मावशीचा फोन होता. त्यांच्या मंजुषाला बघायला सिन्नरहून पाहुणे येणार होते. बाप टीव्हीवर असलं काही बोलला तर पोरीचं मोडेल म्हणून रडत होती. घरचं नाव सांगू नको म्हणून शपथ घातली मला, मग 'वरून' म्हणालो."

सकाळी कलाबाई आली, तसं मी तिला विचारलं. तिने नाकारलं नाही.

"रावजीभाऊ, तो उजेड मी बी बघितला. सगळं वावर दिवसावाणी झालं व्हतं. हातातली पाटी पडली माझ्या."

"मग वहिनी, त्याला सांगितलं का नाही?"

"घरात एक येडा असला तर लोक हसत्यात. दोघं असले तर पोरगी कोण नेतंय?"

मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि तिच्यासमोरच त्याने तळापर्यंत हात घातला. "कोरडी हायेत," कलाबाई म्हणाली. तरी तो चाचपतच राहिला.

मंजुषाची सुपारी फुटली त्या दिवशी मी मखमलाबादला गेलो. पाहुणे चांगले होते, पोरगी खुशीत होती. फेटा बांधून बसलेल्या गोटीरामने मला जवळ ओढलं आणि आधी माझा खिसा चाचपला.

"रावजी, आता कुणावर भरवसा नाय. समाधानवर नाय, सरकारवर नाय, तुझ्यावर बी नाय. राग मानू नको."

समोर कलाबाई विहिणीला हळदीकुंकू लावत होती. गोटीरामने तिच्याकडे मान उडवली.

"फक्त ही. हिला त्या दिवशी दिसलं असतं ना, तर अख्ख्या बाजारात उभी राहून सांगितलं असतं तिनं."

तो मोठ्यानेच बोलला होता. कलाबाईचं कुंकवाचं बोट विहिणीच्या कपाळापुढे तसंच थांबलं.