आवाजी मतदान

माझी धाकटी बहीण खासदार आहे. हे मी शक्यतो कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच सावरून बसतो आणि त्याचं काहीतरी काम निघतं. नौपाड्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. तिथल्या डॉक्टरांना हे कळल्यापासून माझी रजा एकदाही नामंजूर झालेली नाही.

ती निवडून आली ती तिच्या सासरच्या जिल्ह्यातून, इथून पुष्कळ लांब. पक्ष कोणता ते सोडा. टीव्हीवर ती दिसायची ती पुढे उभ्या असलेल्या कुठल्यातरी मोठ्या नेत्याच्या खांद्यामागे, अर्धीमुर्धी. कधी कान, कधी पदर. आई तेवढ्यावरही खूश. मला मात्र शंका, की कॅमेरा जातो तिथेच ही बरोबर कशी बसलेली असते? विचारलं तर हसून म्हणाली, "अगं, सांगतात आम्हाला तिथे जाऊन बसायला. मागची बाकं रिकामी दिसली तर साहेबांचं भाषण पडल्यासारखं वाटतं." मीही हसले, पण ते लक्षात ठेवलं. मी तशीच आहे. आई म्हणते, ही बाई पाण्यातसुद्धा दूध मिसळलंय का ते बघेल.

आई कळव्याला चाळीत राहते. बाबा गेल्यावर मी तिला ठाकुर्लीला माझ्या फ्लॅटवर यायला खूप विनवलं. "तुमच्या बिल्डिंगीत दारं बंद असतात," एवढंच म्हणाली आणि विषय संपवला. चाळ आहे ती केंद्र सरकारच्या जमिनीवर. वर्षानुवर्षं त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मग मोजणीची माणसं आली आणि प्रत्येक दारावर लाल रंगात आकडे टाकून गेली. पाठोपाठ बातमी आली की संसदेत एक विधेयक येतंय. ते मंजूर झालं की असल्या जमिनीवरची घरं सुनावणी न घेता पाडता येणार होती.

चाळीतले लोक वकिलाकडे निघाले होते. आईने त्यांना थांबवलं. "वकिलाच्या पायऱ्या कशाला झिजवता? माझी पोरगी तिथेच बसलीय ना. ती बोलेल." आणि लोक थांबले. त्यांना वेडं म्हणता येणार नाही. बहीण कळव्याला यायची तेव्हा नाक्यावरचा हवालदार सलाम ठोकायचा, एरवी इंचभर न हलणारे रिक्षावाले आपणहून वाट द्यायचे. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

अधिवेशनाच्या आधी ती माझ्याकडे जेवायला आली. तिच्या आवडीचं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. पहिला घास तिच्या पोटात जाऊ दिला आणि मग सुरू केलं.

"त्या बिलावर बोलणार ना तू?"

"बोलणाऱ्यांची नावं पक्ष ठरवतो, ताई. वेळ पक्षाला मिळतो, मला नाही. नाव आलं तरी दोन-तीन मिनिटं. नमस्कार-चमत्कार होईपर्यंत घंटी वाजते."

"मग प्रश्न विचार."

"त्याच्या चिठ्ठ्या काढतात. आपली निघाली तरी उत्तर काय, तर माहिती गोळा करणं चालू आहे."

"मग विरोधात मत दे. त्याला तर घंटी नाही ना?"

ती बोंबलाचा काटा काढत बसली. "व्हिप असतो. पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. मोडला तर खासदारकी जाते."

"मग तुला तिथे करता येतं तरी काय?"

"बाकं वाजवता येतात," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

मला ते हसणं आवडलं नाही. जिला हवालदार सलाम ठोकतो तिला तोंड उघडायची परवानगी नाही, हे कुणाला सांगतेस? मंत्रिमंडळात फेरबदल होणार अशी कुजबुज तेव्हा चालू होती. हिच्या मनगटावर घड्याळही नवं होतं. मी दोन्हींची सांगड घालून मोकळी झाले. जाताना तिने आईला फोन लावला. "नाव दिलंय मी आई. बघू." आईने त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं. मी दुसरं. दवाखान्यात दिवसभर "बघू" म्हणायचंच काम करते मी, त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

विधेयक आलं त्या दुपारी मी रजा काढून कळव्याला गेले. चाळीच्या बुद्धविहारात टीव्ही आणून लावला होता. आई पांढरी साडी नेसून सगळ्यांत पुढे बसली होती, पौर्णिमेला वंदनेला बसते तशी. समोरच्या खोलीतल्या काकू तिच्या शेजारी. पडद्यावर नुसता गोंधळ चालला होता. चार-पाच जण बोलले, तेही ओरडून. बहिणीचं नाव काही पुकारलं नाही. आई म्हणत राहिली, "आता येईल." मग अध्यक्षांनी विचारलं, जे बाजूने आहेत त्यांनी हो म्हणावं. मोठा गलका झाला. जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणावं. थोडा लहान गलका झाला. विधेयक मंजूर. भाजी निवडायला याहून जास्त वेळ लागतो. कॅमेरा सगळा वेळ अध्यक्षांवर होता, त्यामुळे कोण काय म्हणालं ते दिसलंच नाही. लोक उठले, बाहेर जाऊन आपापल्या चपला शोधू लागले. आईला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मीच फोन लावला. "तू काय म्हणालीस?"

"काही नाही. गप्प बसले. शपथ, ताई."

"उठून सांगायचं ना, मतं मोजा म्हणून!"

"मोजली असती तर प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलं गेलं असतं. मग मला होच म्हणावं लागलं असतं. आवाजीत निदान गप्प तरी बसता आलं."

तिच्या बोलण्यात एकही फट नव्हती. म्हणूनच मला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मतदानाची क्लिप मी फोनवर पुन्हा पुन्हा लावली, कानाला चिकटवून. त्या गलक्यात एका बाईचा आवाज होता. एकदा वाटायचं तिचाच, एकदा वाटायचं छे. डबा तसाच राहिला. सख्ख्या बहिणीचा आवाज चोरासारखा पकडायला बसले होते मी, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. मला फक्त तिला खोटं ठरवायचं होतं.

अधिवेशन संपल्यावर ती कळव्याला आली. मुद्दाम मीही गेले. हवालदाराने सलाम केलाच. ती आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली, आईने पाणी दिलं, आणि मी आईदेखतच विचारलं, "आता खरं सांग. हो म्हणालीस ना?"

"तिला कशाला छळतेस?" आई म्हणाली. "गप्पच होती ती. मी ऐकलंय ना. ती हो म्हणाली असती तर मला कळलं असतं."

बहिणीने मान वर केली. तिला वाटलं, आई आपल्या बाजूने आहे. मलाही तसंच वाटलं.

"तू हो म्हणाली असतीस ना, तर मी सोसलं असतं," आई तिला म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "म्हटलं असतं, पोरीला तिचं काही मिळवायचं असेल. पण गप्प बसायला तिकडे कशाला जायला पाहिजे गं? गप्प तर आम्ही इथे पण बसतो."

"आई, माझ्या एकटीच्या ओरडण्याने काय झालं असतं? एक ओळ बदलली नसती त्यातली."

"नसेल बदलली. मग ते आधी सांगायचं ना. मी लोकांना थांबवलं नसतं."

बहिणीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. तिचा चेहरा पाहिला आणि मला एकदम कळलं की ती खरं बोलत होती, अगदी पहिल्यापासून. तिला कुणी विकत घेतलं नव्हतं. घेण्यासारखं काही तिच्याकडे नव्हतंच. मी इतके दिवस धरून ठेवलेला संशय हातातून गेला आणि मला रडू आलं, कारण ती लबाड निघाली असती तर निदान तिथे बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असतं, असं तरी म्हणता आलं असतं.

आई उठली. तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि समोरच्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. दारावरचा लाल आकडा तिच्या डोक्याच्या वर दिसत होता.

"माझ्या शब्दावर थांबलात तुम्ही," ती म्हणाली. "माझं चुकलं. तो वकील कुठे बसतो ते सांगा, मी पण येते."

आतून काकूंचा आवाज आला, "आणि पोरगी?"

आईने मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलंही नाही. "तिचं राहू द्या," ती म्हणाली. "तिच्या हातात काही नाही."