चिठ्ठी न लावलेला शर्ट

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात ताईंची लॉन्ड्री आहे. गल्लीत सगळे त्यांना डागवाली म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. कपडा उजेडाकडे धरला की त्या सांगायच्या, "हा चहा नाही, खोकल्याचं औषध आहे. बाळ आजारी होतं का?" एकदा माझ्या मुलाच्या खिशाजवळचा शाईचा डाग बघून म्हणाल्या, "पेन फुटलंय ते सोडा, पण बोटांनी किती चोळलाय बघा. घाबरलं होतं पोरगं. पेपर कठीण होता का?" पेपर खरंच वाईट गेला होता. मला घरात कुणी सांगितलं नव्हतं, लॉन्ड्रीत कळलं.

त्यांचे यजमान मागच्या टेबलावर इस्त्री करतात. त्यांचं आपलं चालूच असायचं, "हिला जगाचे डाग दिसतात. मला पसंत करताना मात्र चष्मा विसरली होती."

"तेव्हा तुम्ही नवेकोरे होतात," ताई मान वर न करता म्हणायच्या. "पहिल्याच धुण्यात रंग गेला."

लॉन्ड्रीचा एक नियम होता. गिऱ्हाइकासमोर कपडा उलगडायचा, कुठे कसला डाग आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, ती चिठ्ठी कॉलरला टाचायची आणि तिची दुसरी प्रत आकड्याला अडकवून ठेवायची. पूर्वी एका बाईने पडद्यावरचा जुना डाग ताईंच्याच माथी मारला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. मी चांगली ओळखीची, पण माझ्याही कपड्यांना चिठ्ठी लागायची. फक्त घरच्या कपड्यांना नसायची. घरच्यांशी कसला आलाय वाद?

घरचं म्हणजे त्या दोघांचं आणि ताईंच्या धाकट्या भावाचं. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांच्या होत्या आणि भाऊ पाच. त्यांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तोच भाऊ आणि तोच मुलगा. एका गोदामात तो माल उतरवून घेणारा कारकून होता. मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा, कपडे बहिणीकडे टाकायचा. अबोल, नीटनेटका, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या मुलाने याच्यासारखं व्हावं असं मला त्या दिवसांत वाटायचं, हे लिहिताना आज हात अडखळतो.

एका मंगळवारी सकाळी ताई दुकानाचं शटर वर करत होत्या, तेवढ्यात तो गुंडाळलेला पांढरा शर्ट घेऊन आला.

"ताई, घोळणा फुटला काल. बघ ना जरा."

लहानपणी उन्हाळा आला की त्याच्या नाकातून रक्त यायचं. उशा, बनियन, शाळेचे शर्ट, सगळं ताईंनीच धुतलेलं.

"अजून फुटतो होय रे? एवढा घोडा झालास तरी? डोकं मागे नव्हतं ना टाकलंस?" असं म्हणेपर्यंत त्यांनी शर्ट गार पाण्यात बुडवलाही होता. रक्ताला गार पाणी लागतं. गरम पाणी पडलं की डाग कायमचा बसतो.

घोळणा फुटला की रक्त समोर गळतं, छातीवर, पोटावर, गोल थेंबांत. त्या शर्टाची छाती जवळपास कोरी होती. उजवी बाही मनगटाशी भिजलेली, आणि तिथून कोपरापर्यंत बारीक थेंब होते, प्रत्येकाला खांद्याच्या दिशेने गेलेली शेपटी. ताईंनी हे त्याच क्षणी पाहिलं होतं. पुढे मला सांगताना म्हणाल्या, "डोळ्यांना दिसलं हो. पण हात थांबले नाहीत. हातांना काय, पुढे डाग आला की ते कामाला लागतात." मीठ, साबण, शेवटी डाग काढायच्या औषधाचे थेंब. दहा वाजता शर्ट दोरीवर होता. यजमानांनी इस्त्री केली.

दुपारी गल्लीत बातमी आली. गोदामाचा व्यवस्थापक आदल्या संध्याकाळी आत मरून पडलेला सापडला होता, डोक्यात लोखंडी सळई घातलेली. वॉचमनने त्याला पहिल्यांदा पाहिलं, मांडीवर घेतलं आणि ओरडत रस्त्यावर आला. त्याचा गणवेश रक्ताने माखला होता. पोलिसांनी त्यालाच नेलं. महिन्यापूर्वी दोघांचं भांडण झालं होतं, ते सगळ्यांना आठवलं. माल चुकीच्या गाडीत चढला म्हणून आदल्याच आठवड्यात व्यवस्थापकाने बारा हमालांसमोर ताईंच्या भावाच्या थोबाडीत मारली होती, ते मात्र कुणालाच आठवलं नाही. ताईंना आठवलं. त्या रात्री तो जेवला नव्हता.

बातमीनंतर तो दोन्ही वेळा ताईंकडेच जेवायला येऊ लागला. चौथ्या दिवशी यजमान बाहेर गेलेले असताना ताईंनी वाढता वाढता विचारलं, "घोळणा कुठे फुटला होता रे?"

"गोदामात."

"मग छातीवर कसं नव्हतं?"

त्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, शर्ट तू धुतलायस. बोललीस तर आपण दोघं आत जाऊ." आणि ताट पुढे केलं. "भाजी वाढ ना अजून."

ताईंनी वाढली.

त्यानंतर त्यांचं काम बिघडत गेलं. चिठ्ठीवर चहा लिहायच्या जागी गंज लिहायच्या. यजमानांची थट्टा त्यांच्या कानांपर्यंत पोचायची नाही. भाऊ संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि कोण येतं, ताई कुणाशी काय बोलतात, ते बघायचा. बहिणीला सोबत करतो बिचारा, असं आम्हाला वाटायचं.

एकविसाव्या दिवशी माझ्या मुलाची पँट परत आली. खेळताना गुडघा फुटला होता, त्याचं थोडं रक्त लागलेलं. तो डाग आता तपकिरी होऊन कापडात कायमचा बसला होता. डागवालीने रक्तावर गरम पाणी ओतलं होतं! मी हसत हसतच खाली गेले.

"ताई, आता तुम्हालाच शिकवणी लावायला हवी."

त्यांनी पँट हातात घेतली, डागावर बोट ठेवलं आणि मला आत बोलावलं. मग सगळं सांगितलं. शर्ट, बाही, शेपट्या, भाजी.

"काय करू, सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मला ताई दिसत नव्हत्या, वॉचमनही दिसत नव्हता. डोळ्यांपुढे माझ्या मुलाची बाही होती. मी म्हणाले, "घाई करू नका. सख्खा भाऊ आहे. विचार करा." माझं शिक्षण तेवढंच कामाला आलं.

दोन दिवसांनी त्याच वर आल्या. "विचार झाला. अर्ज लिहून द्या," म्हणाल्या. मी लिहिला, आणि त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले.

शर्ट भावाने परत नेलाच नव्हता, तो ताईंनी सोबत आणला होता. साहेबांनी तो खिडकीच्या उजेडात उलटापालटा करून पाहिला. "बाई, याची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. डाग कुठाय?"

"मी काढला."

"काही लिहून ठेवलंय? पावती, चिठ्ठी?"

"घरच्या कपड्याला चिठ्ठी लावत नाही."

"मग घरचं भांडण घरातच मिटवा."

तरीही शर्ट तपासणीला गेला. काही सापडलं नाही. स्वच्छ केलं होतं त्यांनी ते कापड, उभ्या आयुष्यात केलं नसेल इतकं. भावाने जबाबात सांगितलं की औषधांच्या वासाने ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला सांभाळून घ्या. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्याकडे पांढरा शर्ट आला, मी इस्त्री केली." ते खरंच होतं. त्या दिवसापासून दुकानातली थट्टा बंद झाली.

गणवेश न धुणारा आत होता आणि शर्ट धुऊन घेणारा बाहेर.

खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. वॉचमनच्या वकिलाने ताईंना साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी शर्ट त्यांच्या हातात दिला.

"दाखवा डाग."

"नाही दिसायचा. मी काढलाय."

"म्हणजे जो दिसत नाही, तोच पुरावा?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. ताईही ओशाळून जराशा हसल्या. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, एक खडू द्याल का?"

खडू आला. शर्ट पांढरा, म्हणून निळा. टेबलावर बाही पसरून त्यांनी मनगटापासून सुरुवात केली. एक गोल, मग दुसरा. प्रत्येक गोलाला शेपटी काढायच्या आधी थांबायच्या, डोळे मिटायच्या, मग काढायच्या. कोपराजवळ पोचल्या तेव्हा मागच्या बाकावर बसलेला भाऊ उठला आणि दार लोटून बाहेर गेला. ताईंनी मान वर केली नाही. अकरा गोल झाल्यावर खडू खाली ठेवला आणि पदराला बोटं पुसली.

वॉचमन संशयाचा फायदा मिळून सुटला. दुसऱ्या कुणाला शिक्षा झाली नाही. खडूचे गोल संशयाला पुरले, पुराव्याला पुरले नाहीत. भाऊ त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. कुठे, ते ताईंना माहीत नाही. खोली झाडायला त्या गेल्या तेव्हा त्याने दोन शर्ट मागे ठेवले होते, दोन्ही मळके. ते त्यांनी धुतले का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

निकालानंतर पंधरा दिवसांनी वॉचमनची बायको लॉन्ड्रीत आली. मी कपडे घ्यायला उभी होते. आभार मानायला आली असेल असं मला वाटलं. तिने हातात काही आणलं नव्हतं. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"तुम्ही बोललात म्हणून ते घरी आले," ती म्हणाली. "पण डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. नवव्या दिवशी कोठडीत मारलं तेव्हा कान गेला. वॉचमनला कान लागतो हो, कामावर कुणी घेत नाही."

ताईंनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

मागे इस्त्री टेबलावर तशीच थांबली, कापड करपल्याचा वास येईपर्यंत. मला वाटलं ताई म्हणतील, खात्री नव्हती, तो धमकावत होता, शिकलेल्या बाईने मला थांब म्हणून सांगितलं. मी मान खाली घातली.

"दिसलं पहिल्याच दिवशी," ताई म्हणाल्या. "कळलं चौथ्या दिवशी."

बाई थांबली होती. पुढे काहीतरी येईल म्हणून वाट बघत होती. काही आलं नाही. मग तिने टेबलावरचे हात काढले, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेली.